डीटी ७७० वर ६४ टक्के सूट: खरी समजायची का? (घरून ऑडिओबुक करणाऱ्यांसाठी हेडफोन)

गोधडी_स्टुडिओ, मुलुंड

नमस्कार मंडळी,

मी मराठी ऑडिओबुकं वाचते. आतापर्यंत वाचून फाइल पाठवली की काम संपायचं, पण या वर्षीपासून साफसफाईही माझ्याच गळ्यात पडली आहे. फाइल परत येते ती शेऱ्यांसकट. अमुक मिनिटाला तोंडाची टकटक, तमुक मिनिटाला मागे गुणगुण. मोबाइलबरोबर आलेल्या इअरफोनवर मला यातलं काहीएक ऐकू येत नाही. तेच तेच वाक्य लावून बसते आणि शेवटी पाठवणाऱ्याच्या कानांवर विश्वास ठेवून कापते.

बूथ म्हणजे बेडरूममधलं भिंतीतलं कपाट, आतून आजीच्या आणि सासूबाईंच्या गोधड्या लावलेलं. दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आहे, माइक बरा आहे. कानांची सोय तेवढी राहिली आहे. बजेट बारा हजार, फार तर तेरा.

गेला आठवडाभर रात्री साइट्स धुंडाळतेय. तीन ठिकाणी येऊन अडकलेय:

एका साइटवर बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, २५० ओहमचा. छापील किंमत २९,९९९, काट मारून १०,७९९. वर लाल पट्टी, "६४% सूट, फक्त २ शिल्लक". हे "फक्त २" सोमवारपासून दोनच आहेत.

दुसरीकडे सोनी एमडीआर-७५०६, कुठल्यातरी विक्रेत्याकडे ४,३०० ला. बाकी सगळीकडे तो याच्या दुपटीच्या वर दिसतोय.

तिसरा ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स. त्याच्यावर सूट अशी काही नाही, कार्डावर दहा टक्के वगैरे.

आता घ्यावा की दिवाळीच्या सेलपर्यंत थांबावं? आणि सूट खरी की खोटी हे ओळखायचं कसं? यजमानांचं म्हणणं असं की घरात ब्लूटूथचे चांगले नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पडलेत, ते वापर. मावसबहीण जर्मनीत असते, डिसेंबरात येणार आहे. तिच्याकडून मागवणं परवडेल का, तेही सांगा.

साडेतीन_एमएम

एवढा विचार कशाला? ऑडिओ-टेक्निकाचाच एम२०एक्स घ्या आणि मोकळ्या व्हा. बारा हजार घालून टकटक ऐकू येणार आणि पाच हजारांत येणार नाही, असं काही नसतं. उरलेल्या पैशात कपाटाला अजून दोन गोधड्या लावा.

कानसेन_अंधेरी

साडेतीनभाऊ, गोधड्यांचं बोललात ते पटलं. एम२०एक्स वाईट नाही, पण त्याची केबल कायमची जोडलेली असते. रोज कपाटात आत-बाहेर करणाऱ्या माणसाच्या हेडफोनचं पहिलं काय जात असेल तर केबल. तिथे सोल्डरिंग करत बसावं लागतं.

ताई, मी डबिंगच्या स्टुडिओत बसतो, त्यामुळे दिवसभर दुसऱ्यांचे श्वास ऐकणं हाच धंदा. आधी यजमानांच्या ब्लूटूथचा निकाल लावू. बिनतारी हेडफोनात आवाज कानापर्यंत पोचायला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. सिनेमा बघताना ॲप चित्र मागे खेचून ते सांभाळून घेतं. पण वाचताना स्वतःचाच आवाज एवढ्या उशिरा कानावर आला की जीभ अडखळते. शिवाय कानाला गोड लागावं म्हणून त्यात खालचा बास फुगवलेला असतो आणि तोंडाची टकटक त्याखाली बुडते. तुम्हाला हवेत चहाडखोर हेडफोन. ते गोड लागले नाहीत तरी चालेल.

आता २५० ओहम, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा. हा आकडा मोठा म्हणजे माल जास्त प्रो, असं काही नाही. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० अशा तिन्ही ओहममध्ये मिळतो. हिशेब सोपा आहे. इंटरफेसने एक व्होल्ट दिला तर २५० ओहमला ४ मिलिवॅट मिळतात, ८० ला साडेबारा. म्हणजे नॉब त्याच जागी ठेवून ८० वाला पाचेक डेसिबल मोठा वाजणार. यूएसबीवर पोसलेल्या छोट्या इंटरफेसवर २५० वाला चालतच नाही असं नाही, पण नॉब पार टोकाला न्यावा लागतो. हळू वाचलेला परिच्छेद तपासताना तुम्ही वैतागाल. मोबाइलला लावून शेवटचं एकदा ऐकायची सवय असेल, तर ते विसराच. हेडफोन उत्तम आहे, पण तुमच्या इंटरफेसला ८० वाला बघा. तो बजेटात बसला तर माझा विरोध नाही. मखमली पॅड असतात, निघतात, धुता येतात. मे महिन्यात बंद कपाटात बसणाऱ्याला ही चैन वाटते.

६४ टक्क्यांचं म्हणाल तर पुठ्ठ्यावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते. ती किती छापायची हे माल आणणारा ठरवतो. २९,९९९ छापून १०,७९९ ला विकला की ६४ टक्के. तोच डबा १४,९९९ छापून १०,७९९ ला विकला की २८ टक्के. तुमच्या खिशातून जातात ते तेवढेच. म्हणून टक्का बघूच नका. त्याच मॉडेलचा, त्याच ओहमचा, त्याच आठवड्यातला भाव चार ठिकाणी बघा आणि रुपयांची तुलना करा. ॲमेझॉनवरचा माल असेल तर कीपा नावाचं एक्स्टेन्शन टाका, भारतातल्या साइटवरही चालतं. वर्षभरातल्या किमतीची रेघ दाखवतं. सेलच्या आधी भाव चढतो आणि सेलच्या दिवशी "उतरून" जिथे होता तिथेच येतो, हे त्या रेघेवर मी स्वतः बघितलंय. सगळ्यांचंच असं होत नाही, पण ज्याचं होतं ते लगेच कळतं.

सोनीचा ७५०६ मला मनापासून आवडतो. १९९१ पासून बाजारात आहे, ६३ ओहम, वजन २३० ग्रॅमच्या आसपास, निळी पट्टी, गुंडाळीची केबल. शूटिंगला साउंडवाल्यांच्या गळ्यात दिसतो तो बहुतेक हाच. वरच्या पट्टीत जरा तीक्ष्ण आहे आणि नेमकं म्हणूनच थुंकीचा बुडबुडासुद्धा सुटत नाही. पण जी वस्तू सगळ्यांच्या गळ्यात दिसते तिची नक्कल निघणारच. निम्म्याहून कमी भावात ७५०६ म्हणजे मला तरी त्यात नक्कलच दिसते.

आमच्याकडे एका साहाय्यकाने असा एक आणला होता. डबा, पट्टी, पिशवी, सगळं हुबेहूब. अस्सल शेजारी ठेवला आणि दोन्हींवर एकच ओळ लावली, "चहात चार चमचे साखर". अस्सलवर प्रत्येक "च" ची दाताला लागलेली कड वेगळी कळत होती, "साखर" मधला "स" जवळजवळ बोचत होता. दुसऱ्यावर चारही शब्द घोंगडीखालून आल्यासारखे, आणि वाचणाऱ्याच्या छातीतला घुमारा मात्र दुप्पट. मग मोठ्या जॅकचं ॲडॅप्टर बघितलं. अस्सलचं आट्यांवर फिरवून बसतं, त्याचं नुसतंच सरकवलेलं होतं, ओढलं की हातात. पैसे परत मिळाले, पण विक्रेत्याशी चिक्कार डोकेफोड केल्यावर.

तुमच्या बजेटात मी दोनच नावं घेईन. एक एम४०एक्स: ३५ ओहम, २४० ग्रॅम, केबल सुटी होते. दुसरा सेनहायझर एचडी २८० प्रो: ६४ ओहम. तो बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो असं कंपनी सांगते आणि खरंच बऱ्यापैकी अडवतो. मुलुंडला मालगाडीचा भोंगा आणि शेजारचा कुकर असणारच. पण पकड घट्ट आहे. चष्मा असेल तर तासाभरात काडी कानामागे रुतते. चष्मा आहे का?

एकेजीचा के२४० स्वस्तात दिसेल, भुलू नका. तो सेमी-ओपन, म्हणजे अर्धवट उघड्या पाठीचा आहे. पंच अँड रोल करताना (चुकलेल्या जागेपासून पुन्हा वाचून पुढे रेकॉर्ड करताना) आधीचं वाक्य कानात वाजत असतं आणि माइक चालू असतो. अशा हेडफोनातून ते वाक्य बाहेर झिरपून परत माइकमध्ये शिरतं. तुम्हाला पूर्ण बंद पाठीचेच हवेत.

दिवाळीचं विचाराल तर या जातीच्या हेडफोनवर सेलमध्ये चमत्कार होत नाहीत. हजार-बाराशेचा फरक पडतो. तेवढ्यासाठी तीन महिने शेरे खात बसायचं का, ते तुम्ही ठरवा. मध्ये १५ ऑगस्टचा सेलही आहेच.

बिलबुक_गिरगाव

आवाजातलं कानसेन बोलले, मी पैशांचं बोलतो.

हेडफोनवर जीएसटी १८ टक्के. ११,८०० चा हेडफोन म्हणजे १०,००० माल आणि १,८०० कर. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि वस्तू धंद्यासाठी घेत असाल, तर ऑर्डर देतानाच तुमचा नंबर टाकून बिल घ्या. ते १,८०० तुम्हाला भरायच्या करातून वळते करता येतात. कुठल्याही कूपनपेक्षा ही सूट मोठी. मात्र वर्षाला २० लाखांच्या आत सेवा देणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही आणि केवळ एका हेडफोनसाठी ती करू नका. नियमित विवरणपत्रांचा जाच त्याहून महाग पडतो.

कार्डावरच्या दहा टक्क्यांखाली बारीक अक्षरात "कमाल इतके रुपये" लिहिलेलं असतं. ते आधी वाचा. समजा मर्यादा ७५० ची असेल, तर बारा हजारांवर तुमचे दहा टक्के सव्वासहा होतात. "नो कॉस्ट ईएमआय" चंही तसंच. व्याजाएवढी सूट आधी देतात, पण बँक त्या व्याजावर जीएसटी लावतेच आणि बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्कही. रोख असेल तर रोखच द्या.

साइट मोठी असली तरी "विक्रेता" म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. पोचवतोय कोण आणि विकतोय कोण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून आलेल्या मालाच्या डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, आयातीचा महिना, कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असलेला स्टिकर हवा. तो नसेल तर डबा मागच्या दाराने आलाय. मग वॉरंटीसाठी कंपनीच्या दारात उभं राहायची सोय नाही.

जर्मनीचं: तिथल्या किमतीत १९ टक्के व्हॅट असतो. तो परत मिळतो युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला. मावसबहीण तिथलीच रहिवासी असेल तर तिला मिळणार नाही. कुरिअरने मागवलात तर सीमाशुल्क, त्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), वर कुरिअर कंपनीची हाताळणी. आणि बिघडला तर दुरुस्तीला पुन्हा बहिणीचीच वाट बघायची. मला तरी हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो.

फसगत झालीच तर आधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

गोधडी_स्टुडिओ

बापरे, वही काढून बसले मी.

कानसेन, चष्मा आहे, जाड काडीचा. म्हणजे २८० बाद का? जीएसटी नोंदणी नाही आणि करणारही नाही. ४,३०० वाला सोनी कार्टमधून काढलाय. त्याच्या विक्रेत्याचं पान उघडून बघितलं तर तो मोबाइलची कव्हरं, कुकरच्या रिंगा आणि हा हेडफोन एवढंच विकतो.

एक राहिलंच. न घालता, न ऐकता हेडफोन घ्यायचा जीव होत नाही माझा.

ग्रँटरोडचा_फेरा

कुकरच्या रिंगा आणि स्टुडिओ हेडफोन! हा माणूस तुम्हाला भोंगाही विकणार आणि शिटीही.

ताई, एक रविवार सोडून कुठलाही दिवस धरा आणि ग्रँट रोडला उतरा. लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. भडकमकर मार्ग, चालत पाच-सात मिनिटं. तिथे प्रो ऑडिओची दुकानं आहेत. काही दुकानदार डेमोचा पीस कानावर घालू देतात, काही डब्याला हातही लावू देत नाहीत. दुसऱ्या जातीच्या दुकानात वेळ घालवू नका. धोबीतलावाला फुर्टाडोज आहे, १८६५ पासूनचं, वाद्यांचं दुकान. तिथे ऑडिओचा मालही असतो आणि त्यांचं ऑनलाइनही आहे. बजाओ ही साइटही मुंबईचीच. या लोकांना सरळ फोन करा. साइटवरचा भाव पाहिलाय, यात काय बसवून देता, एवढंच विचारायचं. वितरकाने जाहीर भाव बांधून दिलेला असला की साइटवर तो खाली आणता येत नाही, फोनवर मात्र कधी तीन-चारशे सुटतात, कधी पॅडची जोडी फुकट मिळते. "ओपन बॉक्स" आहे का तेही विचारा. कोणीतरी उघडून परत केलेला पीस बिल आणि वॉरंटीसकट मिळत असेल तर मी नवा घेतच नाही.

आणि कोणी "बिल नको असेल तर अजून कमी करतो" म्हणाला, तर हसून बाहेर पडा.

जाताना चष्मा घालूनच जा, आणि मोबाइलमध्ये तुमचीच एक शेरे आलेली फाइल घेऊन जा. गाणी लावून बघू नका. गाण्यात सगळेच हेडफोन छान वाजतात.

कानसेन_अंधेरी

वरच्या शेवटच्या दोन ओळींना माझं अनुमोदन. फक्त लॅमिंग्टन रोडच्या गोंगाटात टकटक ऐकू आली नाही म्हणून हेडफोनला नापास करू नका. तिथे बघायचं ते एवढंच: डोक्यावर बसतो कसा, काडी रुतते का, कान पॅडच्या आत पूर्ण मावतो का. एम४०एक्सचं भोक जरा लहान आहे, मोठ्या कानांना कड लागते. आवाजाची परीक्षा घरी, गोधडीत.

जाड काडी असेल तर २८० मी तरी सांगणार नाही.

घरी आल्यावर डबा उघडतानाच मोबाइलवर व्हिडिओ करा, स्टिकर आणि सिरीयल नंबर दिसेल असा. मग परतीची मुदत संपायच्या आत हे करा. एकाच बाजूला आवाज असलेली फाइल लावून डावं-उजवं बरोबर आहे का बघा. ५० हर्ट्झपासून वर सरकत जाणारा सलग सूर लावा. कुठे झणझण झाली, एखाद्या बाजूला आवाज अचानक खचला, तर पीस परत. तुमच्या शेऱ्यातली ती "गुणगुण" बहुधा विजेची असणार, ५० किंवा १०० हर्ट्झची. या सुराशी ताडून बघा म्हणजे ती विजेचीच आहे का ते कळेल. लॅपटॉपचा चार्जर काढून एक मिनिट रेकॉर्ड करा, आधी तोच संशयित. आणि "परत" म्हणजे पैसे परत की फक्त बदली, हे ऑर्डर देण्याआधी वाचून घ्या. हेडफोनवर पुष्कळ ठिकाणी फक्त बदलीच असते.

पॅडचं बजेट धरून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात रेक्झिनचे पॅड दोन-तीन वर्षांत पोपडे धरतात, मग गालावर काळे कण घेऊन लोक मीटिंगला जातात. वापरून झाला की सुक्या फडक्याने पुसायचा आणि कपाटात न ठेवता बाहेर खुंटीला अडकवायचा.

गोधडी_स्टुडिओ

शनिवारी जाऊन आले. २८० डोक्यावर घातला आणि काढला, कानसेन म्हणाले तसंच. डीटी ७७० चा ८० वाला मात्र डोक्यावरून काढवेना, इतका मऊ. पण दुकानातला भाव सोळाच्या पुढे, आणि "बघतो, कमी करतो" म्हणत त्यांनी तीनशे कमी केले. तिथेच विषय संपला.

एम४०एक्स घेतला. दुकानातून नाही, एका ऑनलाइन डीलरला फोन करून. साइटवरच्या भावात सहाशे कमी केले आणि पक्कं बिल दिलं. स्टिकरवर आयातदार, महिना, सगळं आहे. व्हिडिओ काढलाय. डावं-उजवं बरोबर. चार्जरही काढून बघितला आणि गुणगुण गेली!! टकटक तर आता इतकी ऐकू येतेय की जुनी दोन पुस्तकं पुन्हा उघडायची भीती वाटतेय.

डब्यात दोन केबल निघाल्या, एक सरळ तीन मीटरची आणि एक गुंडाळीची. कपाटाला कुठली लावू?

कानसेन_अंधेरी

सरळ. गुंडाळीची गोधडीवर घासली की तिची खसखस माइकमध्ये येते. कानाशी केबल खोचून थोडी फिरवा, लॉक बसतं. उरलेली लांबी दाराबाहेर ठेवा, पायात येऊ देऊ नका.